दार लावून घेणारं घर

पत्राचा सारांश: नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावात या ताई नऊ वर्षं अंगणवाडी सेविका आहेत. पटावर ६२ मुलं. त्यातली ५१ गावठाणातली, ती रोज येतात, त्यांच्या आयाही बोलावलं की येतात. उरलेली ११ वरच्या पाड्यावरची. ताई लिहितात: "पाड्यावर एक मुलगी आहे, सव्वादोन वर्षांची. अंगाने बारीक, दंडाचा घेर मोजायची पट्टी पिवळ्यात येते आणि अजून एक शब्द बोलत नाही. दिवसभर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. अंगणवाडी सुटल्यावर दुपारी दोनला मी जाते. आई बहुतेक वेळा नसतेच, असली तर दार लावून घेते. दसरा झाला की सगळी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. तोवर मी केलेलं सगळं धुऊन गेलेलं असतं. वरिष्ठ म्हणतात, 'पालक सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारा आणि मोकळ्या व्हा. घरचे म्हणतात, मानधन केवढं आणि जीव काढतेस केवढा. ज्या आयांना लेकरांची पर्वा नाही त्यांच्यामागे धावण्यापेक्षा येणाऱ्या ५१ मुलांचं चांगलं करू का? की पोलीस पाटलांना सांगून दबाव आणू?"

ताई,

सारांशात मी एकदाच घेतलं, पण तुमच्या मूळ पत्रात 'पर्वा नाही' हे शब्द तीन ठिकाणी आले आहेत. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्या दोन शब्दांवर उभे आहेत. आईला पर्वाच नाही असं एकदा धरलं की मग दबाव आणायचा किंवा सोडून द्यायचं, एवढंच हातात उरतं.

त्या आईचा दिवस जरा मांडून बघूया. पहाटे लाकूडफाटा, पाणी, भाकरी. सात वाजायच्या आत मजुरांची गाडी रस्त्याला येते. दिवसभर कपाशीत निंदणी, घरी येईतो अंधार. तुम्ही जाता दुपारी दोनला. म्हणजे ती तुम्हाला घरी सापडते तो दिवस तिच्या खाड्याचा असतो. अंगात ताप असेल, पाऊस लागला असेल, नाहीतर कामच मिळालं नसेल. मजुरी बुडालेल्या दिवशी दारात बाई उभी राहते, हातात वजनकाटा आणि रजिस्टर घेऊन. ती काय विचारणार हे आईला ठाऊक आहे. पोरीचं वजन का वाढत नाही, याचं उत्तर तिच्याजवळ नाही. मी असते तर मीही दार लोटून घेतलं असतं.

हे मला आपोआप समजलेलं नाही. धुळे जिल्ह्यात पंचवीस वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काढली आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूक अजून बोचते. एका पाड्यावरचं तीव्र कुपोषित मूल मला पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे दवाखान्यातल्या कुपोषित मुलांच्या कक्षात, दाखल करायचं होतं. आई तयार नव्हती. मी चार माणसांसमोर, गावच्या पुढाऱ्यांना उभं करून तिला 'हो' म्हणायला लावलं आणि जीपमध्ये बसवून नेलं. चौथ्या दिवशी पहाटे ती मूल उचलून चालत निघून गेली. मी अहवालात लिहिलं: पालकांचा असहकार. दोन महिन्यांनी खरं काय ते कळलं. घरी मागे पाच वर्षांचं दुसरं पोर होतं, नवरा सुरतेला कामाला. त्या पोराला कोण बघणार, हे मी तिला विचारलंच नव्हतं. वर, दवाखान्यात कुणीतरी सगळ्यांदेखत तिला म्हणालं होतं, "सांभाळता येत नाहीत तर एवढी पोरं कशाला?" ते मूल वाचलं. पण ती बाई पुढच्या बाळंतपणात आमच्या अंगणवाडीची पायरी चढली नाही, आशाताईंनाही घरात घेतलं नाही. एका मुलाचे चार दिवस मी मिळवले आणि एक घर कायमचं गमावलं.

म्हणून पोलीस पाटलांचा विचार आत्ताच मनातून काढून टाका. दबावाने आईचं अंग केंद्रापर्यंत येतं. तिचं मन येत नाही, आणि आपलं सगळं काम तिच्या मनावरच चालतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. येणाऱ्या ५१ मुलांवर लक्ष द्यावं का? प्रश्न रास्त आहे आणि जगभर या कामातल्या माणसांना तो पडलेला आहे. इंग्लंडमध्ये १९९८ साली सरकारने शुअर स्टार्ट नावाची मोठी योजना जाहीर केली. गरीब वस्त्यांत लहान मुलांसाठी आणि पालकांसाठी खेळ, आरोग्य, सल्ला, सगळं एका जागी. २००५ मध्ये पहिली पाहणी बाहेर आली तेव्हा ती चालवणाऱ्यांना धक्काच बसला. वस्तीतल्या बऱ्या घरांना थोडा फायदा दिसत होता, पण अगदी कोवळ्या वयात आई झालेल्या मुली, एकट्या आया, घरात कुणालाच काम नसलेली कुटुंबं यांच्या मुलांची स्थिती, योजना नसलेल्या वस्त्यांतल्या तशाच मुलांपेक्षा काही बाबतींत उलट खालीच दिसली. एक अंदाज असा मांडला गेला, आणि मला तो पटतो: दार उघडं ठेवून बसलं की ज्यांना यायला जमतं ते येतात, जागा आणि कर्मचाऱ्यांचा वेळ त्यांच्यातच संपतो, आणि ज्यांच्यासाठी योजना काढली ते आणखी मागे सरकतात. पुढे त्या योजनेत बदल झाले. २००८ च्या पाहणीत चित्र बरंच सुधारलेलं होतं, आणि तिच्या केंद्रांजवळ वाढलेल्या गरीब घरांतल्या मुलांचे पुढे शाळेतले निकालही चांगले आल्याचं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं. पण २००५ ची ती पाहणी प्रत्येक अंगणवाडीत सांगण्यासारखी आहे. तुमच्या पटावरची ५१ आणि ११ ची विभागणी नेमकी तीच आहे.

आणि यासाठी इंग्लंडपर्यंत जायची तरी काय गरज? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. आपण ज्या इमारतीला आज अंगणवाडी म्हणतो, तिच्या नावातलं अंगण मुळात मुलांच्या घरचं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मग इमारत आली, रजिस्टर आलं, मोबाईल आला, आणि अंगण मागे पडलं.

तेव्हा माझं मत सांगते. ५१ मुलांचं चालू आहे ते चालू राहू द्या, त्यात काही कमी करू नका. पण तुमच्याकडे उरणारा जो थोडा वेळ आहे, तो पाड्याचा आहे.

आधी त्या मुलीबद्दल, कारण तिथे थांबून चालणार नाही.

'एक शब्द बोलत नाही' असं तुम्ही लिहिलं. कुठल्या भाषेत, ताई? तुम्ही घरी अहिराणी बोलता, अंगणवाडीत मराठी. पाड्यावर पावरी किंवा भिली चालत असेल. परक्या बाईसमोर परक्या भाषेत सव्वादोन वर्षांचं कुठलंही मूल बहिणीच्या खांद्यात तोंड खुपसणार. म्हणून आधी आजीला किंवा त्या थोरल्या बहिणीला विचारा. आई, पाणी, कुत्रं, नको, यातलं घरच्या बोलीत ती काही म्हणते का? बोट दाखवून मागते का? खुणा न करता नुसतं तोंडाने 'वाटी आण' म्हटलं तर आणते का? तिच्या पाठीमागून, तिला दिसणार नाही अशा बेताने थाळी वाजवली तर वळते का? कान वाहतो का? या वयात साधारणपणे मुलं दोन शब्द जोडून बोलू लागलेली असतात. माता बाल संरक्षण कार्डवर वयाप्रमाणे वाढीच्या खुणा छापलेल्या आहेत, त्या आजीला वाचून दाखवा आणि तिच्या तोंडून भरून घ्या.

थाळी वाजवणं ही काही कानाची तपासणी नव्हे, घाई किती करायची एवढंच त्यातून कळतं. घरच्या बोलीतही एक शब्द नसेल तर 'आमच्याकडे पोरं उशिरानेच बोलतात' हे ऐकून परत फिरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि जन्मतःची व्यंगं, आजार, पोषणाची कमतरता, वाढीतला उशीर, हे चारही बघणं त्यांचंच काम आहे. पुढच्या फेरीची वाट बघत बसू नका. पथकातल्या डॉक्टरांना फोन करून मुलीचं वय आणि तुम्ही काय पाहिलं ते सांगा. ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतील. आपण त्याला डीईआयसी म्हणतो. तिथे कान तपासणारे, वाचा उपचार करणारे, बालरोगतज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी योजना आहे. पैसे लागत नाहीत. ऐकू कमी येत असेल तर ते आत्ता कळणं आणि शाळेत नाव घालताना कळणं यात त्या मुलीच्या अख्ख्या आयुष्याचा फरक आहे. जायचा दिवस मात्र आईला विचारून ठरवा, आणि थोरल्या मुलीचं त्या दिवशी काय करायचं हेही तिलाच विचारा. शक्य असेल तर तुम्ही नाहीतर आशाताई बरोबर जा. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या रांगा, खिडक्या, कागद यांना भल्याभल्यांची छाती दडपते.

पट्टी पिवळ्यात आहे, म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मधला. हे मध्यम कुपोषण आहे. आईला पहिल्याच वाक्यात सांगा: "मी हिला दवाखान्यात भरती करायला आलेली नाही." ही गोष्ट आजवर कुणी तिला सांगितलेली नसण्याचीच शक्यता जास्त. दार लावण्यामागे ती भीती असेल तर निम्मं दार तिथेच उघडेल. घेर साडेअकराच्या खाली गेला तरी मूल हसतंखेळतं आहे, खातंय, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात सांभाळता येतं. मात्र दोन्ही पावलांवर सूज, खाणं पूर्ण सोडलेलं, मलूल पडलेलं मूल, यात एक दिवसही घालवू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं आणि आईला बुडीत मजुरी मिळते. हे नेण्याआधी सांगायचं असतं, आणि मागच्या पोरांची सोय लावून मग न्यायचं असतं. मी ते केलं नव्हतं.

आता बाकीची दहा घरं. इथे मी जे सांगणार आहे ते तुम्हाला कदाचित कठोर वाटेल. अकराही घरी महिन्यातून एकदा जाऊ नका. तीन घरं निवडा आणि तिथे दर आठवड्याला जा.

याला आधार आहे. जमैका बेटावर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं या एकाच प्रश्नावर काम केलं. भेटी किती दिवसांनी द्यायच्या हे त्यांनी तपासून पाहिलं. महिन्यातून एकदा भेट दिलेल्या मुलांत काहीच फरक पडला नाही. पंधरा दिवसांनी दिली तर थोडा, दर आठवड्याला दिली तर चांगला. आपण मात्र सगळ्यांना समान न्याय म्हणून सगळीकडे महिन्याला एकदा डोकावतो, सही घेतो, आणि मग म्हणतो की गृहभेटींचा उपयोग होत नाही.

१९८६-८७ मध्ये त्यांनी किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत उंची खुंटलेली १२९ मुलं घेतली, नऊ महिने ते दोन वर्षं वयाची. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास भेट, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. भेट द्यायला कुणी मोठ्या पदवीची माणसं नव्हती, आपल्या आशाताईंसारख्या वस्तीतल्याच बाया होत्या. त्या आईबरोबर जमिनीवर बसत, टाकाऊ वस्तूंचं खेळणं काढत, आईला मुलाशी खेळायला लावत, खेळणं तिथेच ठेवून जात आणि पुढच्या आठवड्यात बदलून देत. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं. ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई, न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या दुधाचा असा टिकलेला परिणाम दिसला नाही. यावरून खाऊ कमी महत्त्वाचा असं कृपा करून कुणी म्हणू नये. आपल्या पाड्यांवर घास आधी. पण टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट हातात ठेवून मागे फिरणारी सेविका निम्मंच काम करून फिरते.

बारकाईने बघण्यासारखी एक गोष्ट आहे. त्या बाया मुलाला शिकवत नव्हत्या. आईला खेळायला लावत होत्या. तुम्ही तासभर त्या मुलीशी खेळलात तर आठवड्याचे उरलेले सगळे तास तसेच राहतात. आई, आजी, थोरली बहीण यांना एक गोष्ट जमली तर ती रोज होते.

म्हणून एका भेटीत एकच गोष्ट. संध्याकाळी जा, चूल पेटलेली असताना. आई भाकरी थापत असेल तर तिथेच टेका. दादर ज्वारीच्या पिठाचा एवढासा गोळा मुलीच्या हातात द्यायला आईलाच सांगा. 'दाब. गोल. पुन्हा दाब.' शब्द आईच्या बोलीतले, तुमच्या नव्हेत, कारण ज्या बोलीत आई रागावते आणि लाड करते तीच मुलीची भाषा. मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, आपल्याला सांगायची खोड असते. आईने काही बरं केलं की तेवढंच बोला: "तू बोललीस तशी ती तुझ्या तोंडाकडे बघायला लागली, पाहिलंस?" आजवर त्या बाईला कुणी आई म्हणून शाबासकी दिली असेल का? खेळणं म्हणाल तर प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर ज्वारी, झाकण घट्ट डकवलेलं. मक्याच्या कणसाची बाहुली. एकात एक बसणाऱ्या दोन करवंट्या. सुटे दाणे, बोंडं, बिया हातात देऊ नका, नाकात घालतात.

त्या सात वर्षांच्या मुलीला विसरू नका. तुमच्या पत्रात ती फक्त 'बहिणीच्या कडेवर' एवढीच आली आहे. खरं तर दिवसभराची आई तीच आहे, आणि तिलाही खेळायचं आहे. तिला बाहुली करायला शिकवा, धाकटीला वस्तूंची नावं सांगायचा खेळ लावून द्या, ती तुमच्यापेक्षा मन लावून करेल. आणि तिचं नाव शाळेच्या पटावर असून ती घरी का, हे गुरुजींच्या कानावर घाला. धाकटीला दुपारपर्यंत अंगणवाडीत ठेवून घेता आलं तर थोरली वर्गात बसेल. मूल तीन वर्षांचं नाही म्हणून बसवता येत नाही, असं नियम तुम्हाला सांगेल. मदतनीसताईंशी बोला, पर्यवेक्षिकेला विचारा. मी त्या खुर्चीत असते तर 'बसवा' म्हटलं असतं.

उरलेल्या आठ घरांचं काय? ओडिशातल्या खेड्यांत हीच जमैकाची पद्धत दोन तऱ्हांनी वापरून पाहिली. काही गावांत घरोघरी भेटी, काहींत आयांचे छोटे गट. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गटातल्या मुलांची प्रगती घरभेटीतल्या मुलांच्या तोडीची निघाली, खर्च मात्र बराच कमी. तेव्हा आठवड्यातला एक ठरलेला दिवस पाड्याचा. बाजाराच्या दिवशी मजुरीचा खाडा असतो, त्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या कुणाच्यातरी अंगणात आठ आया आणि मुलं. वजन त्या दिवशी करू नका. रजिस्टरही उघडू नका. पहिल्या वेळी तीनच येतील, तरी पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळेला तुम्ही तिथे दिसा. पाड्यावरची माणसं आपलं बोलणं तोलत नाहीत, आपण परत येतो का ते बघतात. गट पाड्यावरच्या एखाद्या शहाण्या आजीच्या किंवा सातवी-आठवी शिकलेल्या सुनेच्या हाताखाली लागला तर फारच उत्तम. भाषेचा प्रश्नही तिथेच सुटतो.

'सगळं धुऊन जातं' असं तुम्ही लिहिलंत. अमेरिकेत १९६२ पासून पाच वर्षं पेरी नावाच्या एका बालवाडीत १२३ गरीब मुलांचा असाच अभ्यास झाला. निम्म्यांना बालवाडी मिळाली, निम्म्यांना नाही. बालवाडीतल्या मुलांची बुद्धिमत्तेच्या चाचणीतली आघाडी शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतच पुसट झाली. तेव्हाही लोक म्हणाले, गेलं सगळं वाया. तीच मुलं मोठी झाल्यावर शाळा पुरी करण्यात, नोकरीत, कमाईत पुढे निघाली. होळीला परतलेल्या मुलीच्या वजनात तुम्हाला जे दिसत नाही ते तिच्यात शिल्लक नाही, असं आताच कसं म्हणता येईल? होळीला खाली उतरलेलं वजन हा ऊसतोडीच्या तळावरच्या सहा महिन्यांचा हिशेब आहे. तुमच्या कामाचा हिशेब त्यात पाहू नका.

तरी ते सहा महिने सोडून द्यायचे नाहीतच. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर मांडलं, त्यातून मोबाईल क्रेशेस उभी राहिली. माणसं जातात तिथे सेवेने जायचं, हीच ती रीत. तुम्ही गुजरातेत जाऊ शकत नाही, पण तुमची माहिती जाऊ शकते. स्थलांतराची नोंद मोबाईलवर करालच. नोंद केली म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका, कारण पलीकडे कुणी ती उघडून बघेल याची खात्री नसते. मुकादमाचा नंबर घ्या. कुठल्या कारखान्याच्या हद्दीत, कुठल्या गावाजवळ तळ पडणार ते लिहून ठेवा. पोचल्यावर आठवडाभराने फोन लावा, जवळच्या अंगणवाडीचं नाव काढायला सांगा आणि जमलं तर तिथल्या बहेनशी दोन शब्द बोला. माता बाल संरक्षण कार्ड आईच्या हाती द्या आणि त्याचा फोटो तुमच्याकडे ठेवा. आशाताईंकडून आयर्न सिरपची बाटली मागून घ्या, आठवड्यातून दोनदा एक मिली, हे आईला प्रत्यक्ष मोजून दाखवा. डीईआयसीची तारीख काहीही करून दसऱ्याच्या आत बसवा.

शेऱ्याचं राहिलं. 'पालक सहकार्य करत नाहीत' हे लिहू नका. असा शेरा कागदावरून उतरत नाही. पुढची सेविका तो वाचून पाड्यावर जायचंच टाळते, डॉक्टर तो वाचून आईशी चढ्या आवाजात बोलतात. पाहिलं ते लिहा. अमुक तारखेला दुपारी दोनला गेले, आई निंदणीला गेलेली, घरी सात वर्षांची बहीण. अमुक तारखेला संध्याकाळी सातला गेले, आई भेटली, बोलली. वरिष्ठांनी विचारलं तर हेच दाखवा. वेळ बदलल्यावर काय बदललं ते त्यांनाही त्यात दिसेल.

घरचे मानधनाबद्दल बोलतात ते चूक नाही. एका बाईने ६२ मुलं, मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरच्या नोंदी, सर्वेक्षण, लसीकरणाचा दिवस आणि वर पाडा, हे सगळं सांभाळावं अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था न्यायाची नाही, आणि त्याबद्दल संघटनेतून बोलत राहायला हवं. म्हणूनच तर मी अकरा म्हणत नाही, तीन म्हणते. आठवड्याला तीन संध्याकाळी आणि बाजाराची एक सकाळ. त्या चार वेळांच्या बदल्यात काय सोडता येईल ते पर्यवेक्षिकेपुढे कागदावर मांडा. मदतनीसताईंना खिचडीच्या वेळेला एकटं सोडता येईल का, आशाताईंच्या घरभेटी तुमच्या दिवसाला जोडता येतील का? त्याही बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी जातातच. दोघी एकत्र गेलात तर पाड्याची चढण तरी बोलत चढाल.

तुमचं पत्र श्रावणात आलं, म्हणजे दसऱ्याला अजून दीड-दोन महिने आहेत. पहिलं घर तेच घ्या, दार लावून घेणारं. या आठवड्यात संध्याकाळी जा, काटा आणि रजिस्टर अंगणवाडीतच कुलपात ठेवून. दार उघडलं नाही तर उंबऱ्याबाहेर थोरलीशी बाहुली करत बसा. आईला आतून ऐकू येईल. आणि निघताना पुढच्या आठवड्यात कुठल्या वारी येणार ते थोरलीला सांगून या.